चार खिडक्या, एकच रांग

क्रिकेटच्या खेळपट्टीवर दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमधले अंतर असते २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. वेगवान गोलंदाजाचा चेंडू हे अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. प्रकाशाच्या किरणाला तेवढेच अंतर जायला किती वेळ लागेल? प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. वही घ्या आणि भागाकार करून पाहा. उत्तर येईल सुमारे ६७ नॅनोसेकंद. नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा अब्जावा भाग.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण या लेखातील सगळी धडपड त्या ६७ नॅनोसेकंदांसाठी आहे.

संगणकांच्या जाळ्यातून माहिती सलग धारेसारखी वाहत नाही, हे तुम्ही ऐकले असेल. चित्र असो, गाणे असो की पत्र असो, पाठवण्यापूर्वी त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यावर तो कोठून निघाला आणि कोठे जायचा, हा पत्ता लिहिलेला असतो. अशा तुकड्याला म्हणतात ‘पॅकेट’. इंग्लंडमधील डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ च्या सुमारास हा शब्द सुचवला. त्याच काळात अमेरिकेत पॉल बॅरन यांनीही स्वतंत्रपणे असाच विचार मांडला होता. वाटेत जागोजाग जी यंत्रे बसवलेली असतात, त्यांचे काम आपल्या टपाल कार्यालयातल्या वर्गीकरणासारखेच. पॅकेट आले की त्यावरचा पत्ता वाचायचा, कोणत्या तारेवरून पुढे पाठवायचे ते ठरवायचे आणि पाठवून द्यायचे. आतला मजकूर उघडून बघायची गरज नाही.

मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळातून परदेशच्या तारा येऊन पोहोचतात. अशा ठिकाणी, किंवा मोठ्या बँकांच्या आणि दूरध्वनी कंपन्यांच्या संगणकगृहांत, सेकंदाला १० अब्ज बिट वाहून नेणारी तार ही आज अगदी सामान्य गोष्ट झाली आहे. इथरनेट या पद्धतीत लहानात लहान पॅकेट ६४ बाइटांचे असते. त्याच्या पुढे ८ बाइटांची ‘सावधान’ अशी सूचना असते, आणि दोन पॅकेटांमध्ये १२ बाइटांएवढी मोकळी जागा ठेवावी लागते. एकूण झाले ८४ बाइट. एका बाइटात ८ बिट, म्हणून ६७२ बिट. ६७२ ला १० अब्जांनी भागा. उत्तर येते ६७.२ नॅनोसेकंद!

म्हणजे प्रकाश एका यष्टीपासून दुसऱ्या यष्टीपर्यंत जातो न जातो, तोच पुढचे पॅकेट दारात हजर. सेकंदाला अशी सुमारे १ कोटी ४९ लाख पॅकेटे येऊ शकतात. सेकंदाला ३ अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरला एका पॅकेटामागे जेमतेम २०० ठोके मिळतात. तेवढ्यात पत्ता वाचायचा, तक्त्यात शोधायचा आणि रवानगी करायची. एक जरी काम लांबले तरी मागची पॅकेटे साचतात, आणि साठवायची जागा भरली की पुढची पॅकेटे चक्क टाकून द्यावी लागतात. दूरध्वनीवर बोलताना मधेच शब्द गळतो किंवा चलतचित्र अडखळते, त्यामागे पुष्कळदा अशी टाकून दिलेली पॅकेटे असतात.

मेमरीचा संथपणा

आता अडचण अशी आहे. पॅकेट आल्याबरोबर ते संगणकाच्या मेमरीत, म्हणजे स्मृतीत, ठेवले जाते. तेथून प्रोसेसरने ते वाचायचे असते. आणि मेमरीतून एखादी गोष्ट मागवली की ती हातात पडायला आजच्या चांगल्या संगणकातही सुमारे ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. पॅकेटासाठी वेळ ६७ नॅनोसेकंद आणि मेमरीची एक खेप १०० नॅनोसेकंदांची! हिशेब सुरू होण्यापूर्वीच तोट्यात गेला.

प्रोसेसर इतका चपळ आणि मेमरी एवढी संथ का? याचे उत्तर मेमरीच्या रचनेत आहे. १९६६ साली आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना एक कल्पना सुचली. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलेसे धारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारी कुपी, एवढे पुरेल. कुपी भरलेली असली तर १, रिकामी असली तर ०. १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. २०२४ साली डेनार्ड वारले. त्यांची ती साधी जोडी आजही तुमच्या घरातल्या प्रत्येक संगणकात आणि फोनमध्ये आहे.

साधेपणामुळे ही मेमरी स्वस्त झाली आणि थोड्या जागेत पुष्कळ मावू लागली. पण कुपीला गळती असते. विद्युतभार हळूहळू निथळून जातो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कुपी वाचून पुन्हा भरावी लागते. संगणक चालू आहे तोवर हे पाणी भरणे अखंड सुरूच असते! शिवाय एकेक कुपी वेगळी उघडता येत नाही. कुप्या ओळींत मांडलेल्या असतात आणि एक बिट हवा असला तरी सगळी ओळ उघडावी लागते. उघडली की कुप्या रित्या होतात, म्हणून काम झाल्यावर त्या पुन्हा भरून ओळ बंद करायची. मगच त्या गटातली दुसरी ओळ उघडता येते. अशा गटाला ‘बँक’ म्हणतात. एका बँकेत एक ओळ उघडल्यापासून दुसरी उघडेपर्यंत सुमारे ४५ ते ५० नॅनोसेकंद जातात. चिप बनवण्याचे तंत्र कितीही सुधारले, तरी हा आकडा गेल्या अनेक वर्षांत फारसा कमी झालेला नाही.

मग उपाय काय? एक खेप वेगवान करता येत नसेल, तर एकाच वेळी अनेक खेपा चालू ठेवायच्या. घरी पाहुणे आले आणि विहिरीवरून पाणी आणायचे असले, तर एकाच मुलाला पळवण्यापेक्षा चौघांना चार घागरी देणे बरे, नाही का?

जुनीच युक्ती

ही युक्ती काही आजची नाही. १९६४ साली सेमूर क्रे यांनी उभारलेला सीडीसी ६६०० हा त्या वेळचा जगातला सर्वांत वेगवान संगणक होता. त्याच्या मेमरीची एक बँक एकदा वापरली की १००० नॅनोसेकंद गुंतून पडे. पण प्रोसेसर तर दर १०० नॅनोसेकंदांनी नवी मागणी करू शकत होता. क्रे यांनी मेमरीच्या ३२ बँका केल्या आणि लागोपाठचे पत्ते लागोपाठच्या बँकांत वाटून टाकले. पहिला पत्ता पहिल्या बँकेत, दुसरा दुसऱ्या बँकेत, आणि ३२ झाल्यावर पुन्हा पहिलीपासून. पहिल्या बँकेचे काम चालू असताना मागणी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बँकेकडे जात राही.

आजच्या सर्व्हर संगणकांत हीच वाटणी आणखी एका पातळीवर होते. प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत तारांचे स्वतंत्र जुडगे गेलेले असतात. अशा एका जुडग्याला ‘चॅनेल’ म्हणतात. चॅनेल म्हणजे स्वतंत्र वाट. एका वाटेवरची गर्दी दुसरीला अडवत नाही. डीडीआर-४ जातीच्या मेमरीत एका चॅनेलवरून एका वेळी ८ बाइट जातात आणि वेगवान पट्ट्यांत अशा ३.२ अब्ज फेऱ्या सेकंदाला होतात. गुणाकार करा: सेकंदाला २५.६ अब्ज बाइट. चार चॅनेल असले तर याच्या चौपट.

इंटेल कंपनीच्या सर्व्हर प्रोसेसरांत २००९ च्या सुमारास ३ चॅनेल होते, २०१२ मध्ये ४ झाले, २०१७ मध्ये ६ आणि २०२१ मध्ये ८. एएमडी कंपनीने २०२२ साली १२ चॅनेलचा प्रोसेसर आणला. ३, ४, ६, ८, १२ ही मालिका पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

रांग चुकते कशी?

चॅनेल चार असले म्हणजे वेग चौपट झालाच, असे कोणी समजेल. येथेच खरी मेख आहे.

समजा, तुमच्या शाळेत परीक्षेचे अर्ज घेण्यासाठी चार खिडक्या उघडल्या आहेत. गोंधळ होऊ नये म्हणून मुख्याध्यापकांनी नियम केला: आपल्या हजेरी क्रमांकाला ४ ने भागा, बाकी ० उरली तर ‘०’ खिडकी, १ उरली तर ‘१’ खिडकी, याप्रमाणे. सगळा वर्ग आला तर चारही रांगा सारख्या होतील. पण एके दिवशी नेमके ४, ८, १२, १६, २० अशाच क्रमांकांचे विद्यार्थी आले तर? सगळे ‘०’ खिडकीपुढे! बाकीच्या तीन खिडक्यांवरचे कारकून जांभया देत बसतील. नियम चुकीचा नाही, खिडक्याही कमी नाहीत, तरी रांग मात्र एकच.

मेमरीचे अगदी असेच होते. मेमरीचे ६४ बाइटांचे ठोकळे कल्पा. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी असा एक ठोकळाच उचलतो. ठोकळा क्रमांक ० पहिल्या चॅनेलवर, १ दुसऱ्यावर, २ तिसऱ्यावर, ३ चौथ्यावर, ४ पुन्हा पहिल्यावर.

येणाऱ्या प्रत्येक पॅकेटासाठी मेमरीत आधीच एक खण राखून ठेवलेला असतो. पॅकेट १५०० बाइटांपर्यंत असू शकते, म्हणून खण जरा ऐसपैस, २०४८ बाइटांचा आहे असे धरू. २०४८ हा संगणकवाल्यांचा लाडका आकडा, कारण तो २ चा अकरावा घात आहे. २०४८ भागिले ६४ म्हणजे ३२ ठोकळे. तेव्हा पहिला खण सुरू होतो ठोकळा ० पासून, दुसरा ३२ पासून, तिसरा ६४ पासून, चौथा ९६ पासून. या प्रत्येकाला ४ ने भागा. बाकी शून्य, शून्य, शून्य, शून्य!

तुम्ही म्हणाल, खण एकाच चॅनेलवर सुरू झाला तरी त्याचे ३२ ठोकळे चारही चॅनेलवर पसरलेले आहेतच की. बरोबर आहे. पण आपले यंत्र टपाल वर्गीकरणाचे आहे. त्याला पत्ता तेवढा वाचायचा असतो, आणि पत्ता असतो पॅकेटाच्या सुरुवातीला. इथरनेटचा मथळा १४ बाइट, त्यानंतरचा आयपी मथळा २० बाइट, त्यानंतरचा टीसीपी मथळा बहुधा २० बाइट, एकूण ५४. सगळे पहिल्याच ठोकळ्यात मावले. म्हणजे कोट्यवधी पॅकेटांचे पहिले ठोकळे तेवढे पुनःपुन्हा मागवले जातात आणि ते सगळे एकाच चॅनेलवर आहेत.

याची किंमत किती? तार सेकंदाला १०० अब्ज बिटांची आहे असे धरा. मोठ्या संगणकगृहांत अशा तारा आता सर्रास असतात. लहान पॅकेटे सेकंदाला १४ कोटी ८८ लाख. प्रत्येकाचा एक ठोकळा, ६४ बाइटांचा. गुणाकार सुमारे ९.५ अब्ज बाइट. पण ठोकळ्याची ये-जा एकदाच होत नाही. जाळ्याचे कार्ड तो मेमरीत लिहिते, प्रोसेसर वाचतो, पत्त्यात बदल करून परत लिहितो आणि मग कार्ड तो पुढे पाठवण्यासाठी पुन्हा वाचते. चार खेपा, म्हणजे सुमारे ३८ अब्ज बाइट. एका चॅनेलची कमाल क्षमता २५.६ अब्ज. नाही पुरत! चारही चॅनेल कामाला लावले तर १०२.४ अब्ज, आरामात पुरते. आणि गंमत म्हणजे हे चारही चॅनेल विकत घेतलेले, पट्ट्या बसवलेले, वीज खात असलेले आहेत. फक्त खणांचा आकार आडवा आला.

मसावि धावून येतो

उपाय ऐकून तुम्हाला हसू येईल. प्रत्येक खणामागे ६४ बाइटांची रिकामी जागा सोडायची. बस्स. खण आता ३२ ऐवजी ३३ ठोकळ्यांचा झाला. पुढचे खण सुरू होणार ०, ३३, ६६, ९९, १३२ या ठोकळ्यांपासून. ४ ने भागून बाकी पाहा: ०, १, २, ३, ०. चारही खिडक्यांवर रांगा सारख्या! थोडी जागा फुकट घालवली आणि वेग मिळाला.

३३ च का? कारण ३३ आणि ४ या सहमूळ संख्या आहेत. १ सोडून त्यांना दुसरा साधारण विभाजक नाही, म्हणजे त्यांचा मसावि १ आहे. पाचवी-सहावीत मसावि शिकताना ‘याचा उपयोग काय?’ असे मनात आलेल्यांनी येथे जरा थांबावे आणि एक प्रयोग करावा.

कागदावर वर्तुळ काढा आणि त्यावर सारख्या अंतराने ८ ठिपके काढून ० ते ७ आकडे घाला. आता ० पासून सुरुवात करून ३-३ घरांच्या उड्या मारा. ०, ३, ६, १, ४, ७, २, ५ आणि परत ०. एकही ठिपका सुटला नाही. आता ६-६ च्या उड्या मारा: ०, ६, ४, २ आणि परत ०. चार ठिपके कोरडेच राहिले. ८ आणि ३ यांचा मसावि १. ८ आणि ६ यांचा २. ठिपक्यांच्या संख्येला मसाविने भागले की किती ठिपक्यांना पाय लागेल ते कळते. वेगवेगळ्या संख्या घेऊन पडताळून पाहा. हा नियम कधीच दगा देत नाही.

यंत्रे बनवणाऱ्यांना ही गोष्ट जुनी ठाऊक आहे. एकमेकांत अडकणाऱ्या दोन दातेरी चाकांच्या दात्यांची संख्या शक्यतो सहमूळ ठेवतात. त्यामुळे एका चाकाचा प्रत्येक दाता दुसऱ्याच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भेटतो आणि सगळे दाते सारखे झिजतात. नाहीतर ठराविक दोन दाते पुनःपुन्हा एकमेकांना घासून आधी खराब होतील.

संगणकांतही हा अनुभव येऊन गेला होता. १९७६ साली आलेल्या क्रे-१ या महासंगणकाच्या मेमरीत १६ बँका होत्या. एक बँक एकदा वापरली की घड्याळाचे चार ठोके गुंते. लागोपाठचे आकडे उचलले तर गाडी सुसाट. पण दर सोळावा आकडा उचलायचा झाला की प्रत्येक वेळी तीच बँक आणि वेग एक चतुर्थांश! अशा यंत्रांवर काम करणारे शास्त्रज्ञ ६४ स्तंभांचे कोष्टक मुद्दाम ६५ स्तंभांचे करत आणि शेवटचा स्तंभ कोरा सोडत. बरोज कंपनीच्या अभियंत्यांनी त्याच दशकात याहून नामी तोड काढली. त्यांनी आखलेल्या शास्त्रीय संगणकात गणित करणारे विभाग १६ होते, पण मेमरीच्या बँका १७! १७ ही मूळ संख्या. १७ च्याच पटीत उड्या मारल्या तरच अडचण. बाकी कोणत्याही उडीने सगळ्या बँका कामाला लागतात. तो संगणक बाजारात यशस्वी झाला नाही, तरी त्यामागची कल्पना मला फार देखणी वाटते.

‘चॅनेल किती?’ हा प्रश्न

आता पॅकेटांकडे परत येऊ. या कामासाठी जगभर वापरली जाणारी आज्ञावलींची एक जुडी आहे, तिचे नाव डीपीडीके. २०१० च्या सुमारास इंटेल कंपनीत तिची सुरुवात झाली. तेथील अभियंते वेंकी वेंकटेसन यांना तिचे जनक म्हटले जाते. २०१८ साली ते वारले. २०१३ पासून ही जुडी सर्वांना खुली आहे. कोणीही वाचावी, सुधारावी. १०० नॅनोसेकंदांच्या खेपेचे कोडेही ती सोडवते. एकेक पॅकेट हातात घेण्याऐवजी ती ३२ सारख्या घोळक्याने घेते आणि पहिल्यावर काम चालू असतानाच पुढच्यांचे ठोकळे मागवून ठेवते. अनेक मागण्या एकदम रस्त्यावर असतात, म्हणूनच वाटाही अनेक लागतात.

ही आज्ञावली सुरू करताना तिला एक आकडा सांगता येतो: एका प्रोसेसरला मेमरीचे चॅनेल किती जोडलेले आहेत? पॅकेटांचे खण आखताना ती हा आकडा घेते. खणाचे ठोकळे मोजते, दोहोंचा मसावि काढते, तो १ नसला तर एक ठोकळा वाढवते, पुन्हा मसावि काढते. १ येईपर्यंत हेच. मसावि काढण्याची तिची रीत तुमच्या पुस्तकातलीच आहे: मोठ्या संख्येला लहानीने भागा, मग लहानीला बाकीने भागा, बाकी शून्य होईपर्यंत. युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी ती लिहून ठेवली. इसवी सन ४९९ मधल्या आर्यभटाच्या ‘कुट्टक’ रीतीतही असाच परस्परांनी भागाकार आहे.

काही न सांगितल्यास ती चॅनेल ४ धरून चालते. पुष्कळ जण मग तो आकडा सांगायचे विसरतात. आता आपली मालिका काढा: ३, ४, ६, ८, १२. समजा, यंत्रात चॅनेल आहेत ६, पण आज्ञावलीला वाटते ४. ती ३२ चे ३३ ठोकळे करणार आणि समाधानाने पुढे जाणार. पण ३३ आणि ६ यांचा मसावि ३ आहे! म्हणजे सहापैकी फक्त दोनच चॅनेलवर खणांची सुरुवात होणार: ०, ३, ०, ३. चार चॅनेल पुन्हा जांभया देत बसले. खरा आकडा, ६, सांगितला असता तर? ३३ नको, मसावि ३. ३४ नको, मसावि २. ३५ चालेल. बाक्या पडतील ०, ५, ४, ३, २, १. सगळ्या खिडक्या भरल्या.

जुन्या ३ चॅनेलच्या यंत्रांना मात्र अशी जागा सोडण्याची फारशी गरज नव्हती. खणाचा आकार २ चा घात असला, तर ३ शी तो आपोआप सहमूळच असतो. विषम आकड्याचे असे फायदे असतात.

हे सगळे सांगितल्यावर एक गोष्ट लपवणे बरे नाही. खऱ्या प्रोसेसरांत ‘ठोकळ्याला ४ ने भागा आणि बाकी पाहा’ इतका सरळ नियम आता राहिलेला नाही. पत्त्यातील बरेच बिट एकमेकांत मिसळून चॅनेल ठरवला जातो, कारण एकाच खिडकीवर गर्दी होण्याचा धोका प्रोसेसर बनवणाऱ्यांनाही कळला आहे. शिवाय २०१२ पासून इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरांत जाळ्याचे कार्ड पॅकेट थेट प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या लहान, चपळ ‘कॅश’ मेमरीत टाकू शकते. तेथे काम उरकले तर मोठ्या मेमरीच्या पुष्कळ खेपा वाचतात. त्यामुळे वर केलेला ३८ अब्जांचा हिशेब हा वाईटातल्या वाईट दिवसाचा आहे असे समजा. पण कॅश लहान असते. पॅकेटांचा लोंढा मोठा झाला की ती भरून वाहते आणि काम पुन्हा त्या वाटांवर येऊन पडते. म्हणून जाणकार अभियंता आकडा सांगून गप्प बसत नाही. एकदा सांगून, एकदा न सांगता, दोन्ही वेळा पॅकेटे मोजून पाहतो.

पट्ट्या कोठे खोचल्या?

आकडा सांगण्यापूर्वी तो खरा आहे ना, हेही पाहावे लागते. प्रोसेसरला ८ चॅनेल असतील, पण मेमरीच्या पट्ट्या दोनच खोचल्या असतील, तर कामाचे चॅनेल दोनच. दुकानात ६४ गिगाबाइटची एक पट्टी घेणे आणि १६ गिगाबाइटच्या चार घेणे, दोन्हींत मेमरी सारखीच. पण चार पट्ट्या चार वेगवेगळ्या चॅनेलच्या खाचांत बसवल्या तर वाटा चार. एका पट्टीला वाट एकच. खाचांना बहुधा वेगवेगळे रंग किंवा अक्षरे दिलेली असतात ती यासाठीच. घरच्या संगणकालाही हे लागू आहे. त्यात बहुधा दोन चॅनेल असतात, म्हणून १६ च्या एका पट्टीपेक्षा ८ च्या दोन पट्ट्या बऱ्या.

दोन प्रोसेसरांच्या मोठ्या यंत्रात आणखी एक खाचखळगा आहे. तेथे प्रत्येक प्रोसेसरचे स्वतःचे चॅनेल असतात. ८ आणि ८ मिळून १६ असा आकडा सांगायचा नसतो. ८ च सांगायचा. शेजाऱ्याच्या मेमरीतून काही आणायचे तर मधला पूल ओलांडावा लागतो आणि खेप आणखी लांबते. म्हणून कार्ड ज्या प्रोसेसरला जोडले आहे, त्याच्याच मेमरीत त्याचे खण ठेवतात.

आता तुमच्यासाठी एक गणित. समजा, कोणी ३० चॅनेलचा प्रोसेसर बनवला. (असा आज तरी नाही; ३० घेतले ते २, ३ आणि ५ या तिन्हींनी भाग जातो म्हणून.) पॅकेटाचा खण २४ ठोकळ्यांचा आहे. आज्ञावली एकेक ठोकळा वाढवत जाणार. ती कोणत्या संख्येवर थांबेल? आणि खोलीभर यंत्रांत अशा १० लाख खणांची सोय केली असेल, तर एकूण किती बाइट जागा केवळ कोरी सोडावी लागेल?